चटणी करपली त्या दिवसापासून : ऋतुगंध आणि कौटुंबिक आठवणी, एका कोल्हापुरी घराचा प्रकरण अभ्यास

एप्रिल २०२२ मधील एका दुपारी, कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतील आमच्या घरात, वर्षाच्या चटणीसाठी कढईत भाजायला घातलेले सुके खोबरे करपले, आणि हातात झारा घेऊन कढईसमोरच उभ्या असलेल्या माझ्या आईला त्याचा पत्ता लागला नाही. माडीवर अभ्यास करत बसलेली माझी भाची, म्हणजे धाकट्या भावाची मुलगी, "आज्जी, जळायलंय की गं!" असे ओरडत जिना उतरून आली, तेव्हा आईने वळून शांतपणे विचारले, "कुठं जळायलंय?" हे दोन उद्गार मला त्याच रात्री फोनवरून कळले आणि या प्रकरणाची नोंद मी तेथूनच सुरू केली.

कोल्हापूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवे की आमच्याकडे चटणी म्हणजे ताटात डावीकडे वाढायचा पदार्थ नव्हे. उन्हाळ्यात मिरच्या वाळवून, कांदा, लसूण, खोबरे, तीळ, धणे आणि गरम मसाला तेलात भाजून, डंकावर कुटून आणलेला वर्षाचा कांदा-लसूण मसाला म्हणजे चटणी. ती बिघडली तर वर्षभराची आमटी, कालवण आणि रस्सा बिघडतो. आई ही चटणी पन्नासहून अधिक वर्षे करत आली आहे. जुन्या घराच्या अंधाऱ्या स्वयंपाकघरात तिने रंगावर कधी भरवसा ठेवला नाही आणि घड्याळ तर कधी पाहिलेच नाही. "वास सुटला की उतरवायचं," एवढीच तिची कृती होती. लग्न होऊन पुण्याला गेल्यावर मी तिला पुन्हा पुन्हा प्रमाण विचारले तेव्हाही तिने हेच उत्तर दिले होते, आणि ते उत्तर अपुरे आहे असे मलाही कधी वाटले नव्हते.

त्या दिवशी तिला वास सुटल्याचे कळले नाही, कारण तिला वासच येत नव्हता. तपासणीअंती स्पष्ट झाले की तिची घ्राणशक्ती जवळपास पूर्ण गेलेली आहे आणि ती बहुधा मे २०२१ मध्ये, करोनाच्या आजारपणात गेली असावी. म्हणजे बहात्तर वर्षांची एक बाई अकरा महिने वासाविना स्वयंपाक करत होती आणि पाच माणसांच्या घरात ते कोणाच्या लक्षात आले नव्हते. पुढील दोन वर्षांत आम्ही काय केले, काय साधले आणि काय साधले नाही, याची ही हकीकत आहे.

जे आधीच दिसायला हवे होते

मागे वळून पाहता खुणा भरपूर होत्या. आई आमटीत मीठ आणि गूळ दोन्ही जास्त घालू लागली होती. दूध नासल्याचे तिला फाटल्यावरच कळे. तिने देवघरात उदबत्ती लावणे बंद केले होते आणि विचारले तर "धूर सोसत न्हाई" असे सांगितले होते. सर्वांत ठळक खूण मात्र जुलै २०२१ च्या पुराची होती, आणि ती आम्ही सर्वांनी चुकीची वाचली.

शुक्रवार पेठ पंचगंगेला लागून आहे. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेले की इशारा पातळी आणि ४३ फुटांवर गेले की धोका पातळी, हे आकडे आमच्या गल्लीतल्या लहान मुलांनाही पाठ असतात. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमच्या तळमजल्यात कमरेच्या वर पाणी होते. ते ओसरल्यावर राहिलेला चिखल, भिजून कुजलेले धान्य, फुगलेल्या गाद्या आणि नाल्यातून उलटा आलेला मैला या सर्वांचा मिळून जो वास घरात बसला होता, त्याने आईला तीन वेळा उलटी झाली होती आणि शेवटी आम्ही तिला मामांकडे नेऊन ठेवले होते. दोन वर्षांनी पुन्हा पूर आला, पुन्हा चिखल आला. या वेळी मात्र आईने पदर खोचला, खराटा घेतला आणि दोन दिवस घर धुऊन काढले. "औंदाचा गाळ बरा हाय, वास न्हाई ह्येला," असे ती म्हणाली. माझा धाकटा भाऊ आणि वहिनी तोंडाला रुमाल बांधून काम करत होते, तरीही ते वाक्य कोणाला खटकले नाही. आम्ही त्याला तिचे धैर्य समजलो आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना कौतुकाने सांगितले.

या दोन पुरांचा फरक आईच्या आठवणीत आजही स्पष्ट आहे. २०१९ बद्दल विचारले की ती आधी नाकाला पदर लावते आणि मग बोलू लागते. कोणत्या खोलीत काय भिजले, गव्हाच्या पोत्याला कोंब कसे आले, शेजारच्या काकींनी दारात फिनेलचा डबा आणून ठेवला तो कधी, हे सगळे क्रमाने सांगते. २०२१ बद्दल विचारले तर पाणी किती पायऱ्या चढले एवढे सांगून थांबते. दोन्ही पूर याच घरात आले आणि दोन्ही वेळा चिखल याच बाईने तुडवला. दुसऱ्या पुराच्या आठवणीत वास नाही, आणि ती आठवण पाण्याच्या खुणेसारखी भिंतीवर राहिली आहे, अंगात उतरलेली नाही. वय, आजारपणाचा थकवा, पहिल्यांदा बसलेला धक्का अशी इतर कारणेही असू शकतात. पण मला यातील मुख्य कारण वासच वाटते.

मिरचीच्या शिंकेने केलेली फसवणूक

निदान होईपर्यंत आई स्वतःही "मला वास येतोय" असेच म्हणत होती. तिच्याकडे पुरावा होता : मिरच्या खुडताना ती शिंकत होती, फोडणीत मिरची पडली की तिला ठसका लागत होता, विक्स लावले की नाक मोकळे झाल्यासारखे वाटत होते. अनेक घरांत हीच गफलत होते, म्हणून ती नीट उलगडून सांगते.

मिरचीचा ठसका हा मुळात वास नाही. मिरचीतील कॅप्सायसिन हे द्रव्य उष्णता आणि वेदना ओळखणाऱ्या ग्राहीला, म्हणजे चेतापेशीवरील संवेदकाला, चेतवते. ही ग्राही डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये शोधली आणि त्या कामासाठी त्यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. नाका-डोळ्यांतील ही चुणचुण ट्रायजेमिनल या चेहऱ्याच्या संवेदी चेतातंतूमार्फत मेंदूकडे जाते. वासाची वाट निराळी आहे. नाकाच्या छताशी असलेल्या पातळ अस्तरातील घ्राणपेशींकडून संदेश मेंदूतील घ्राणकंदात जातो आणि तेथून, थॅलॅमस नावाच्या मधल्या केंद्रात न थांबता, भावनांशी निगडित अमिग्डाला आणि आठवणी बांधणारा हिप्पोकॅम्पस यांच्या अगदी निकट असलेल्या भागात पोहोचतो. डोळा, कान आणि त्वचा यांचे संदेश आधी थॅलॅमसमधून जातात. एखाद्या वासाने माणसाला नाव सुचण्याआधीच गलबलून येते, त्याच्यामागे ही जवळची वाट आहे असे मानले जाते. आईची पहिली वाट शाबूत होती आणि दुसरी बंद पडली होती. मिरची तिला टोचत होती, पण तिचा वास येत नव्हता.

करोनाचा विषाणू बहुतांशी घ्राणपेशींवर नव्हे, तर त्यांना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींवर हल्ला करतो, असे संशोधनात दिसून आले आहे. घ्राणपेशी आयुष्यभर नव्याने तयार होत राहतात, म्हणून आशेला जागा असते. डॉक्टरांनी आईला वासाचा सराव सांगितला. ही पद्धत जर्मनीतील थॉमस हुमेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये मांडली : गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग असे चार वास, रोज दोन वेळा, प्रत्येक वास काही सेकंद एकाग्रतेने घ्यायचा आणि किमान बारा आठवडे चिकाटीने चालू ठेवायचे.

वही

जून २०२२ मध्ये सराव सुरू झाला आणि तीन आठवड्यांत आईने तो सोडायची भाषा केली. निलगिरीच्या तेलाशी तिचे काही नाते नव्हते. "ह्यो कशाचा वास असतोय हेच मला ठावं न्हाई, मग तो आला का गेला कसं कळणार?" हा तिचा प्रश्न मला रास्त वाटला. डॉक्टरांना विचारून आम्ही चारपैकी लिंबू आणि लवंग ठेवली आणि उरलेल्या दोन जागी त्या त्या ऋतूत घरात येणारी वस्तू ठेवायचे ठरवले. माझ्या भाचीने शंभर पानी वही घातली. तारीख, वस्तू, आईने उच्चारलेला पहिला शब्द, त्यासोबत काही आठवले असल्यास ते, आणि ती आठवण दुसऱ्या कोणी पडताळली का, असे पाच रकाने तिने पट्टीने आखले. शेवटचा रकाना भाचीच्या शाळकरी काटेकोरपणातून आला होता; पुढे तोच या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचा ठरला.

पहिल्या दोन महिन्यांच्या नोंदी वाचवत नाहीत. "लिंबू : काय न्हाई. लवंग : टोचतंय. मोगरा : काय न्हाई. गूळ : काय न्हाई." मोगऱ्याचा गजरा आई नाकाशी धरून बसलेली असे, डोळे मिटलेले, कपाळाला आठी, आणि मग तो गजरा ती काही न बोलता भाचीच्या वेणीत माळून टाकी. लवंगेचे टोचणेही, मिरचीसारखेच, वासाच्या नव्हे तर चुणचुणीच्या वाटेने येत होते. या काळात आईचे बोलणे कमी झाले. ती माहेरच्या गोष्टी सांगेनाशी झाली. नातवंडांना रोज रात्री ऐकवायच्या गोष्टींपैकी किती गोष्टी वासाने सुरू होत असत, हे त्या बंद पडल्यावर आमच्या लक्षात आले : "आगोटीचा पाऊस पडला की", "ऊस गाळायला लागलं की", "दवणा आला की".

एकच माती, दोन माणसे

आषाढात घरात पहिला मोठा वाद झाला आणि तो माझ्यामुळे झाला. आईला मातीचा वास द्यावा म्हणून मी मातीच्या अत्तराची कुपी आणली. तापल्या जमिनीवर पाऊस पडल्यावर येणाऱ्या या वासावर ऑस्ट्रेलियातील इझाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस या शास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये शोधनिबंध लिहिला आणि त्याला 'पेट्रिकोर' असे नाव दिले. त्या निबंधात उत्तर प्रदेशात हाच वास चंदनाच्या तेलात धरून अत्तर बनवतात याचाही उल्लेख आहे. या वासातील ओल्या मातीची ओळखीची छटा मुख्यतः जिओस्मिन या द्रव्याची असते. ते जमिनीतील स्ट्रेप्टोमायसिस गटातील जिवाणू तयार करतात आणि माणसाचे नाक ते अब्जांशापेक्षाही कितीतरी कमी प्रमाणात ओळखते.

मी पुण्याहून हौसेने आणलेली ती कुपी उघडली आणि माझा भाऊ उठून माडीवर निघून गेला. नंतर वहिनीने मला स्वयंपाकघरात बोलावून सांगितले, "वन्सं, त्येनी दोन वर्षं झाली, पयला पाऊस आला की खिडक्या लावून घेत्यात." २०१९ मध्ये मी पुण्यात होते आणि बातम्या पाहत होते. भाऊ मात्र याच घरात होता, आणि चिखलाने भरलेल्या तळमजल्यात उतरून वडिलांच्या हातची पुस्तके आणि आईची लाकडी पेटी बाहेर काढणारा तोच होता. पुराच्या गाळातही तेच जिवाणू असतात आणि तेच जिओस्मिन असते. मला ज्या वासाने लहानपणी घाटावर भिजल्याचे, आषाढात पंचगंगेचे नवे पाणी त्र्यंबोली देवीला वाहायला निघालेल्या बायकांच्या मागे वाजंत्रीच्या तालावर चालल्याचे आठवत होते, त्याच वासाने त्याला पेटीतल्या काळ्या झालेल्या फोटोंचा लगदा आठवत होता.

त्या दिवसापर्यंत मी मातीचा वास हा सर्वांच्या आनंदाचा ठेवा आहे असे गृहीत धरले होते. आपल्याकडे पहिल्या पावसावर जे काही लिहिले जाते त्यातही बहुधा हेच गृहीत असते. पूर पाहिलेल्या घरात तसे गृहीत धरू नये. मी भावाची माफी मागितली, कुपी परत नेली, आणि आईचा मातीचा सराव परसातल्या कुंडीवर, भाऊ कामावर गेल्यावर, घ्यायचा असे ठरले. वहीत त्या दिवशीची नोंद एवढीच आहे : "माती : काय न्हाई. बाबा जेवले नाहीत."

वास आला, पण सडका

दिवाळीनंतर, नोव्हेंबर २०२२ मध्ये, वहीत पहिल्यांदा वेगळा शब्द आला. वहिनीने कांदा-लसणाची फोडणी घातली आणि आई नाक दाबून अंगणात गेली. "काय मेलंय का घरात?" असे तिने विचारले. घरात सगळे घाबरले. डॉक्टर मात्र खूश झाले, कारण बऱ्याच रुग्णांत परतीच्या प्रवासातला हा एक टप्पा असतो. वासाची विकृत जाणीव असे याचे स्वरूप आहे, आणि कांदा, लसूण, कॉफी, भाजलेले-तळलेले मांस यांनी ती विशेष चेतवली जाते.

याचे कारण समजून घेतल्यावर आईची चिडचिड आम्हाला सोसता आली. लिंडा बक आणि रिचर्ड अॅक्सल यांनी १९९१ मध्ये वासाच्या ग्राहींची जनुके शोधली. त्यासाठी त्यांना २००४ चे नोबेल मिळाले. माणसाच्या नाकात अशा सुमारे चारशे प्रकारच्या ग्राही असतात आणि कोणताही एक वास म्हणजे त्यांपैकी अनेकांनी मिळून वाजवलेला मेळ असतो. पेशी नव्याने उगवताना काही ग्राही आधी जाग्या होतात, काही मागे राहतात. मेळ अर्धवट वाजतो आणि ओळखीचा वास भलताच लागतो, असे याचे प्रचलित स्पष्टीकरण आहे.

कोल्हापुरात मात्र कांदा-लसूण वगळून जगायचे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. चार महिने आमच्या घरी तांबडा रस्सा झाला नाही. आईसाठी हिंग-जिऱ्याची आमटी वेगळी होऊ लागली. घरात रविवारी मटण शिजत नाही हे पाहून ती अपराध्यासारखी बसे, आणि आम्ही तिला कितीही समजावले तरी तिचे ओशाळलेपण जात नसे. या आजारात माणूस एकटे पडते ते असे. बाहेरून काही दिसत नाही, दुखत नाही, आणि ज्या पंक्तीत ती आयुष्यभर वाढत आली त्याच पंक्तीत तिला बसवत नाही.

काहील

जानेवारी २०२३ मध्ये मामांनी आईला भोगावतीच्या काठावरच्या माहेरच्या गावी नेले. त्यांचे स्वतःचे गुऱ्हाळ केव्हाच बंद झाले आहे, पण शेजारच्या मळ्यात एक अजून चालते. आम्ही पोहोचलो तेव्हा काहील, म्हणजे उसाचा रस आटवायची मोठी कढई, उतरायला आली होती. या वासाचे टप्पे असतात. रस काहिलीत पडून तापू लागला की आधी हिरवट, गवतासारखा वास येतो. मग रानभेंडीचा चिकट रस घालून मळी वर आणतात आणि ती झाऱ्याने काढून टाकतात तेव्हा किंचित आंबूस भपका येतो. रस आटून काकवीवर आला की गोड वास जड होतो. आणि शेवटी, पाक सुमारे ११८ अंशांवर पोहोचून गुळव्याने पाण्यात टाकलेला थेंब गोळी धरू लागला की खमंग, जरासा करपल्याच्या कडेला टेकलेला असा वास उठतो. त्याच क्षणाला काहील चुलवाणावरून उतरवून गूळ थंड करायच्या वाफ्यात ओतावी लागते. चिपाडाचा धूर या सगळ्याखाली सतत असतोच.

आई काहिलीपासून चार हातांवर मोढ्यावर बसली होती. गूळ वाफ्यात पडला, वाफ तिच्याकडे वळली, आणि तिने मान वर केली. पदराचे टोक तिने मुठीत घट्ट धरले होते, बोटांची पेरे पांढरी पडली होती. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "दादा हितं हुबं होतं." दादा म्हणजे तिचे वडील, माझे आजोबा. मग ती सलग बोलत राहिली, गेल्या पावणेदोन वर्षांत बोलली नव्हती इतकी : आपल्या लग्नाच्या आदल्या आठवड्यात दादा काहिलीपाशी उभे होते, त्यांनी तिला पळसाच्या पानावर गरम काकवी दिली, आणि लेक सासरी जाणार म्हणून ते धोतराच्या सोग्याने डोळे पुसत होते.

भाचीने वहीत चार रकाने भरले आणि पाचव्यासाठी मामांकडे पाहिले. मामा आईपेक्षा पाच वर्षांनी मोठे. ते जरा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले की लग्नाच्या वर्षी, म्हणजे १९६९ मध्ये, आपले गुऱ्हाळ नव्हतेच. ऊस कारखान्याला जात होता. घरी गेल्यावर त्यांनी पत्र्याच्या पेटीतून गुळाच्या पट्ट्या काढल्या. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसवलेल्या शाहूपुरीच्या बाजारपेठेत आजोबा गूळ घालत, आणि अडतीच्या दुकानाने वजन, दर व तोलाई लिहून दिलेल्या पट्ट्या त्यांनी तारखेवार सुतळीत ओवून ठेवल्या होत्या. शेवटची पट्टी १९५९ च्या फेब्रुवारीतली होती. तेव्हा आई नऊ वर्षांची होती.

"मग डोळं कशाला पुसत हुतं?" आईने विचारले.

"धुरानं गं बाई," मामा म्हणाले.

आई रडली नाही आणि वादही घालत बसली नाही. तिने पट्टी हातात घेतली, उलटसुलट पाहिली आणि नाकाला लावली. मला त्या क्षणी आपण हे पडताळायला नको होते असे वाटले. आज तसे वाटत नाही. वासाने जागवलेल्या आठवणी इतर आठवणींपेक्षा अधिक भावभरल्या असतात आणि त्या पुष्कळदा वयाच्या पहिल्या दहा वर्षांतल्या असतात, असे प्रयोगांत आढळले आहे. त्या अधिक अचूक मात्र असतातच असे नाही. आईच्या आठवणीतील पळसाचे पान, काकवी, दादांची उभी राहण्याची जागा, सोग्याने डोळे पुसणे, हे सगळे मामांनी खरे ठरवले. चुकले होते ते वर्ष आणि डोळे पुसण्याचे कारण. नऊ वर्षांच्या मुलीने पाहिलेले दृश्य पुढे लग्नाच्या दुःखाला जाऊन चिकटले असावे. दादा लग्नात रडले नाहीत, असे मामांनी आवर्जून सांगितले. आईने ते दुःख त्यांच्याकडून काहिलीपाशी करून घेतले होते की काय, हे विचारण्याचा अधिकार मला नाही.

वहीत पाचव्या रकान्यात भाचीने लिहिले : "मामाआजोबा : वास बरोबर, साल चूक."

पुन्हा चटणी

गुळानंतर लिंबू आले, मग मोगरा, आणि चैत्रात भावाने जोतिबाहून आणलेला दवणा. गुलालाने माखलेल्या पिशवीतून त्याने ती राखी-हिरवी जुडी काढली तेव्हा आईने तिचे नाव न पाहता सांगितले. लवंगेचे टोचणे आणि लवंगेचा वास यांतला फरकही ती आता सांगते. माती अजून अर्धीच येते, "लांबून येतीया" असे ती म्हणते. कांदा सुधारला आहे. लसूण सुधारलेला नाही.

एप्रिल २०२३ ची चटणी आईच्या नाकावर सोडायची नाही असे आधीच ठरले होते आणि हे तिला पटवणे सोपे नव्हते. शेवटी तिने बसून शिकवायचे, भाचीने वास घ्यायचा, वहिनीने भाजायचे आणि मी घड्याळ व काटा घेऊन लिहायचे, अशी वाटणी झाली. पन्नास वर्षांत पहिल्यांदा या चटणीला प्रमाण मिळाले. एक किलो मिरचीला, ज्यात ब्याडगी निम्म्याहून जास्त आणि उरलेली संकेश्वरी, पाऊण किलो कांदा उन्हात वाळवून, पाव किलो लसूण, पाव किलो सुके खोबरे, पाव किलो धणे आणि शंभर ग्रॅम तीळ, ही आमच्या घराची मापे आहेत. खोबऱ्याला मंद आचेवर किती मिनिटे, हे लिहून घेतले. पण भाचीला ते पुरेसे वाटले नाही. ती प्रत्येक जिन्नस उतरवण्याच्या क्षणी "आज्जी, आत्ता जसा येतोय तसा?" असे विचारी. आईला येत नसे, म्हणून ती प्रश्न उलटा विचारी : "कसा येतोय सांग." भाची सांगे, "बिस्किटासारखा," "कोरड्या गवतासारखा," "भाजल्या शेंगांच्या टरफलासारखा." आई थोडा विचार करी आणि म्हणे, "अजून जरा." किंवा, "उतरव." अशा रीतीने पंधरा वर्षांच्या मुलीचे शब्द आणि बहात्तरी ओलांडलेल्या बाईची आठवण जुळवून तेरा जिन्नस भाजले गेले, आणि एकही करपला नाही.

डंकावरून चटणी घेऊन आल्यावर भावाने चिमूटभर तळहातावर घेतली, जिभेवर ठेवली आणि "हीच," एवढेच म्हणाला.

२०२४ च्या उन्हाळ्यात आईने नाकाने कांदा आणि खोबरे स्वतः उतरवले, लसूण मात्र भाचीवर सोडला. लाल भुकटी परातीत पसरून मीठ-तेल लावून झाल्यावर तिने दोन बरण्या भरल्या. मोठी सगळ्यांची. लहान बरणी बिनलसणाची, तिच्या एकटीची. तिच्यावर चिकटपट्टी लावून तिने पेनाने आपल्या वाकड्या अक्षरात तारीख लिहिली, आणि खाली वहीतल्यासारखाच एक रकाना आखून तो मोकळा ठेवला.